दाभणाने शिवलेली फ्लॉपी

नोकरीतले बहुतेक गुन्हे निवृत्तीनंतर हळूहळू पुसट होत गेले. हा एक झाला नाही. यात मी काही मोठी हुशारी दाखवली म्हणून नव्हे. उलट पहिला महिनाभर मी चुकीच्या माणसाच्या मागे होतो. त्यातून मला बाहेर काढलं ते माझ्या हवालदाराच्या एका गाढवपणाने आणि कराडहून आलेल्या एका बाईंच्या चिकाटीने. दोघांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, ते आता मानतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नावं कुणाचीच देणार नाही. बरीच मंडळी अजून हयात आहेत, आणि ज्याची चूक झाली त्याच्या लेकराबाळांनी काही गुन्हा केलेला नाही.

भाग द्राक्षाचा. कवठे महांकाळकडून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागाच बागा. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. त्या नोव्हेंबरात एका बागेत फवारणी करणारा मजूर चक्कर येऊन पडला. तोंडाला फेस आला होता. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी गेला. पस्तिशीही गाठली नव्हती. मागे बायको आणि दोन मुली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं, व्हिसेरा तपासणीला गेला आणि कागद गठ्ठ्यात पडले. व्हिसेऱ्याचा अहवाल कधी येईल हे त्या काळी कुणालाच सांगता येत नसे.

अहवाल आला मार्चच्या अखेरीस. मृत्यू फवारणीच्या औषधानेच झाला होता. ते औषध अजून बाजारात आलेलं नव्हतं. सांगलीत शाखा असलेली एक कंपनी बागांमधून त्याची चाचणी घेत होती. देखरेखीला कंपनीने चोविशीतला एक प्रतिनिधी नेमला होता. मुलगा कराडजवळच्या गावचा, कृषी पदविका झालेला. वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. मजुराला ना मास्क दिला होता, ना हातमोजे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा, म्हणजे ३०४ अ कलमाचा गुन्हा आम्ही दाखल केला आणि आरोपीच्या रकान्यात या मुलाचं नाव चढवलं.

गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे तो कोठडीत नव्हता. पण बाहेर राहून त्याची गत कोठडीपेक्षा बरी नव्हती. कामावरून कमी केलेलं. गावोगावच्या बागांत जायची सोय उरलेली नव्हती. मजुराच्या भावकीतल्या लोकांनी त्याची मोटारसायकल ओढ्यात ढकलून दिली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर दोन वर्षांपर्यंत आत, आणि माणूस मारला हा शिक्का जन्माचा. चौकशीला बोलावलं तेव्हा सुभेदार बरोबर आले होते. ते ठाण्याबाहेरच्या बाकावर पाठ न टेकता बसून राहिले.

“मास्क का दिला नाहीस?” मी मुलाला विचारलं.

“कंपनीकडं मागितले व्हते साहेब. तीनदा मागितले. आठवड्याच्या रिपोर्टात लिवलं व्हतं.”

“रिपोर्टाची नक्कल?”

“न्हाई. हातानं लिवायचा आन यष्टीनं सांगलीला धाडायचा. तिथं टाइप करून मुंबईला ईमेल जायचा.”

“तारखा सांग.”

तारखा त्याला धड सांगता येईनात. एकदा दिवाळीच्या आधी म्हणाला, एकदा दिवाळीनंतर. मी केस डायरीत ‘उत्तरांत विसंगती’ असं लिहिलं आणि त्याच्यावर चांगला ओरडलो. दार उघडं होतं. बाहेर सुभेदारांना सगळं ऐकू गेलं असणार. खोटं बोलणाऱ्याला तारखा पाठ असतात, कारण तो तयारी करून आलेला असतो, आणि खरं बोलणारा गोंधळतो, हे मला पुढे कळलं. कळायला उशीर झाला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मजुराच्या बायकोचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो. ती बागेतच छाटणीत पडलेली काडी वेचत होती. मला वाटलं, आरोपी सापडला म्हटल्यावर तिला बरं वाटेल. ती काडी हातात धरूनच उभी राहिली.

“त्या पोराला कशापायी धरलंय साहेब?”

“तुमच्या मालकांच्या मृत्यूला तो जबाबदार आहे.”

“त्यानं सोताचा टावेल भिजवून आमच्या धन्याच्या तोंडाला बांधला व्हता. दवाखान्यात तीन दिस पायापाशी बसून व्हता त्यो. ज्यानं केलं त्येला धरा. घावंल त्येला धरू नगा.”

मला राग आला. बाईला कायद्यातलं काय कळतं, असं मनात म्हणालो. जबाबात तिचं म्हणणं लिहिलं, अंगठा घेतला आणि परत आलो. ते वाक्य मात्र जीपमध्येही डोक्यातून जाईना.

याच सुमारास कंपनीच्या सांगली शाखेचे मॅनेजर आपणहून ठाण्यात आले. सफारी सूट, मऊ बोलणं, हातात कागदांची फाइल. “साहेब, तपासाला मदत व्हावी म्हणून आमचा पत्रव्यवहार आणलाय,” असं म्हणून त्यांनी एक फ्लॉपी माझ्यापुढे ठेवली. आजच्या मुलांना सांगायला हवं: फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी, आत नाजूक तबकडी, आणि तिच्यावर संगणकातला मजकूर उतरवलेला. आमच्या ठाण्यात तेव्हा एक टाइपरायटर होता आणि एक वायरलेस. मॅनेजर म्हणाले, मृत्यूच्या चार दिवस आधी त्यांनी मुंबईला ईमेल केला होता. मास्कशिवाय फवारणी करू नये अशी सक्त ताकीद आपण प्रतिनिधीला दिली आहे, तो ऐकत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. मी ऐकून मनात म्हटलं, झालं, आता दोषारोपपत्र लिहायला घ्यावं.

फ्लॉपी जप्त करून पंचनामा केला आणि सगळं हवालदारांच्या स्वाधीन केलं. आमचे हे हवालदार म्हणजे अठ्ठावीस वर्षं कागदांत मुरलेला माणूस. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या हातून गुन्ह्याचा एक चिटोरा कधी हरवला नाही. आठवड्याने मी तहसील कचेरीतल्या संगणकावर ती पत्रं छापून घ्यावीत म्हणून फाइल मागवली. उघडून बघतो तर फ्लॉपी पाकिटात, पाकीट पंचनाम्याला लाल दोऱ्याने शिवलेलं, आणि दाभण थेट फ्लॉपीच्या मधोमध आरपार गेलेलं. वर लाखेचं सील.

“हवालदार, हे काय केलंत?”

“मुद्देमाल हाय साहेब. सुट्टा ठिवला आन कुठं पडला तर? म्हून शिवून टाकला.”

“अहो, मधोमध दाभण घातलंत!”

“कडंला घातलं की फाटतंय, साहेब.”

तहसीलच्या ऑपरेटरने फ्लॉपी खिडकीकडे धरून पाहिली आणि हसू दाबत परत दिली. मी हवालदारांना इतकं बोललो की ते दोन दिवस माझ्यासमोर यायचं टाळत होते. त्यांची तरी काय चूक? गुन्ह्याचा कागद शिवायचा, ही पोलिसांची पिढ्यांची रीत. कागद नसलेला पुरावा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळला होता. आज मला वाटतं, त्या दाभणाला हार घालायला पाहिजे होता. ती फ्लॉपी धड राहिली असती तर मी ती पत्रं छापली असती, आणि तो मुलगा तुरुंगात गेला असता.

नाइलाजाने सांगलीला गेलो. मॅनेजर जराही वैतागले नाहीत. चहा मागवला आणि नव्या कोऱ्या संगणकावरून तीन पत्रं छापून माझ्या हातात दिली.

“तीनच?” मी विचारलं. “बाकीची?”

“बाकीची जुन्या प्रोग्रॅममध्ये राहिली, साहेब. दोन हजार साल उजाडलं की तो चालणार नाही म्हणून बनवणाऱ्यांनीच तो बंद केला. फेब्रुवारीअखेर त्याची मुदत संपली. आता तो उघडतच नाही, आणि त्यातली पत्रं नव्या प्रोग्रॅमला वाचता येत नाहीत.”

“मग ही तीन कशी आली?”

“महत्त्वाची होती ना. बंद व्हायच्या आधी काढून ठेवली.”

उत्तर चटकन आलं, आणि त्या चटकनपणामुळेच मी थबकलो. फेब्रुवारीत काढून ठेवली म्हणतो. गुन्हा दाखल झाला मार्चअखेर. फेब्रुवारीत हा केवळ अकस्मात मृत्यू होता, कुणावर आरोपच नव्हता. शेकडो पत्रांतून नेमकी हीच तीन लागतील, हे या गृहस्थांना महिनाभर आधी कसं समजलं?

तोंडावर काही दाखवलं नाही. “जुना संगणक कुठे आहे?” म्हणून विचारलं.

“मोडीत काढला, साहेब.”

खबऱ्यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. या गुन्ह्यातला माझा खबऱ्या म्हणजे भिंतीवरचा एक फोटो. मॅनेजरांच्या खुर्चीमागे चौकटीत बसवलेला. त्यात ते स्वतः हार घातलेला संगणक एका टोपीवाल्या मुख्याध्यापकांच्या हाती देत होते, आणि मागच्या फलकावर आमच्याच तालुक्यातल्या एका हायस्कूलचं नाव होतं. मी चहा संपवला, आभार मानले आणि जीप थेट त्या शाळेकडे घ्यायला सांगितली.

मुख्याध्यापकांनी चपला काढायला लावून एका बंद खोलीत नेलं. दारावर ‘संगणक कक्ष’ अशी नवी पाटी. आत टेबलावर चादरीत गुंडाळलेला संगणक, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, सुकलेला झेंडूचा हार.

“मुलं काय शिकतात यावर?” मी विचारलं.

“अजून चालूच केला नाही, साहेब. उद्घाटनाला मोठा पाव्हणा पाहिजे. दोनदा तारीख घेतली, दोनदा पाव्हण्यानं टांग दिली. बिगर उद्घाटनाचा कसा चालू करायचा?”

त्या न आलेल्या पाहुण्याचेही माझ्यावर उपकार आहेत. ते आले असते तर त्या संगणकावर शंभर पोरांचे हात फिरून काय उरलं असतं, देव जाणे.

आता तो उघडणार कोण? कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला वरिष्ठांमार्फत पत्र पाठवलं. मे महिना, सुट्टी लागलेली. कुणी तरी मोठे प्राध्यापक येतील म्हणून आमचा ड्रायव्हर स्टँडवर उभा होता. यष्टीतून खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या, तिशीच्या, बारीक चणीच्या बाई उतरल्या. ड्रायव्हर त्यांच्या डोक्यावरून मागचे प्रवासी न्याहाळत राहिला. शेवटी त्यांनीच विचारलं, “पोलीस गाडी माझ्यासाठीच आली असेल ना?” त्या म्हसवडकडच्या. वडील नवबौद्ध वस्तीतल्या शाळेत शिक्षक होते, आणि घरातल्या पहिल्या इंजिनिअर त्या. हे त्यांनी सांगितलं नाही, पुढे मला समजलं.

संगणक ठाण्यात न्यायचा माझा विचार होता. मुख्याध्यापक आडवे आले. “साहेब, राग मानू नका, पण पोलिसांनी नेलेली वस्तू परत आल्याचं माझ्या तरी बघण्यात न्हाई.” खोटं बोलत नव्हते. मग काम शाळेतच करायचं ठरलं. पंच म्हणून शाळेचे लिपिक आणि समोरचा वह्या-पेन्सिलींचा दुकानदार बसले. हवालदारांना मी मुद्दाम बरोबर घेतलं. त्यांचा रुसवाही निघायला हवा होता.

बाईंनी आधी संगणकातल्या संपूर्ण डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत करून घेतली आणि मूळ डिस्क माझ्याकडे देऊन म्हणाल्या, “ही सील करा. मी हात लावणार तो फक्त प्रतीला.” तपासाचं शिक्षण न घेतलेल्या माणसाने हे सांगावं, याचं मला फार कौतुक वाटलं. मग त्यांनी जुना प्रोग्रॅम सुरू केला. मुदत संपल्याची सूचना आली आणि तो बंद झाला. पुन्हा तेच.

बाईंनी पडद्यावरची सूचना पुन्हा एकदा वाचली. “साहेब, हा प्रोग्रॅम संगणकातली तारीख बघून नाही म्हणतोय. तारीख मागच्या डिसेंबरात नेऊ या. पण आधी पंचनाम्यात तसं लिहून घ्या.”

लिहून घेतलं. त्यांनी तारीख मागे नेली आणि प्रोग्रॅम मुकाट्याने उघडला. आत चौदाशेच्या वर पत्रं. सगळी एका मोठ्या पेटीत कोंडलेली, बाहेर काढायची तर एकेक करूनच. प्रत्येकाला पाच-सहा वेळा बटणं दाबायची आणि नाव द्यायचं.

“निवडक काढू की सगळी?” त्यांनी विचारलं.

“सगळी. निवडक मी एकदा पाहिली आहेत.”

चार दिवस ते काम चाललं. दिवसातून दोनदा वीज जायची. मग आम्ही सगळे पटांगणातल्या लिंबाखाली जाऊन बसायचो. बाई जेवणाचा डबा पंचांना द्यायच्या, पंच त्यांना आंबे आणून द्यायचे. पहिल्याच दिवशी एक छोटी गोष्ट घडली. जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पत्राला एक क्रमांक होता. पत्र बाहेर काढलं की मजकूर आणि तारीख यायची, क्रमांक मागेच राहायचा. बाई म्हणाल्या, “हा आतला क्रमांक, पत्र तयार झालं की प्रोग्रॅम आपोआप टाकतो. आपल्या कामाचा नाही, सोडून देऊ या का?”

इतका वेळ गप्प बसलेले हवालदार एकदम बोलले. “आवं मॅडम, जावक नंबर सोडून कसं चालंल? आमच्यात नंबर सोडला तर नोकरी जाती.”

बाई हसल्या नाहीत. “बरं. मी वाचते, तुम्ही लिहा,” म्हणाल्या. हवालदारांनी शाळेची एक रेघांची वही घेतली, पट्टीने रकाने आखले: क्रमांक, तारीख, कुणास, विषय. बाई क्रमांक वाचायच्या, हे मोठ्याने परत म्हणून लिहायचे. माझ्या मनात आलं, आता हे काम दुप्पट लांबणार. पण फ्लॉपीवरून त्यांना इतकं बोललो होतो की पुन्हा तोंड उघडायची मला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदारांचं बोट वहीवर थांबलं.

“साहेब, हितं घोळ हाय.”

मी खुर्ची ओढून जवळ गेलो. चौदाशे सहा क्रमांकाचं पत्र होतं मजूर दगावल्याची बातमी मुंबईला कळवणारं, त्याच दिवशीचं. आणि मॅनेजरांचं ते ताकीद दिल्याचं पत्र, मृत्यूच्या चार दिवस आधीच्या तारखेचं, त्याचा क्रमांक होता चौदाशे अकरा.

“तारीख चार दिस आधीची आन नंबर पाच नंतरचा,” हवालदार म्हणाले. “स्टेशन डायरीत मागली नोंद घुसवणारी लय माणसं बघितल्यात मी, साहेब. तारीख काय, हवी ती घालता येती. नंबर कुठनं आणणार?”

दोन्ही पंच माझ्याकडे बघू लागले. पोलीस ठाण्यात असलं काही चालतं, हे आपण ऐकलंच नाही, असा चेहरा दुकानदाराने केला.

बाईंनी मागचं-पुढचं तपासलं. चौदाशे दहा आणि चौदाशे बारा ही दोन्ही पत्रं मृत्यूनंतर दोन दिवसांची होती. “म्हणजे अकरा त्याच दिवशी झालंय,” त्या म्हणाल्या. “मी परवा जे केलं तेच यांनी केलं. तारीख मागे नेली, पत्र लिहिलं, तारीख पुन्हा पुढे आणली. क्रमांक मात्र मागे जात नाही. मी तो गाळायला निघाले होते.” आणि त्यांनी हवालदारांकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “काका, तुमच्यामुळे राहिलं,” म्हटलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाला मिळालेली बक्षिसं मी पाहिली आहेत. त्या दिवशीसारखा चेहरा एकदाही झाला नव्हता.

चौथ्या दिवशी, पाठवायची बाकी असलेल्या पत्रांत, त्या मुलाचे तीन साप्ताहिक रिपोर्ट सापडले. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी. तिन्हींत मास्कची मागणी होती. पहिला दिवाळीच्या आधीचा, दुसरा आणि तिसरा नंतरचा. म्हणजे चौकशीत तो म्हणाला होता ते दोन्ही खरं होतं. ऑपरेटरने ते इमानेइतबारे टाइप करून ठेवले होते. मुंबईला कुणी पाठवले नव्हते.

मॅनेजरांना ठाण्यात बोलावलं, सकाळी अकरा वाजता, चहा देऊन. आवाज चढवला नाही. हवालदारांच्या वहीचं पान पुढे ठेवलं आणि म्हटलं, “तारखेचा रकाना मोठ्याने वाचा.” त्यांनी वाचला. “आता क्रमांकाचा वाचा.” चौदाशे नऊ, चौदाशे दहा म्हणाले आणि थांबले. रुमाल काढून मान पुसली.

“हा संगणकाचा दोष असेल.”

“असेल. मग त्या मुलाचे तीन रिपोर्टही संगणकानेच अडवून ठेवले का?”

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “रोज मुंबईहून फोन यायचा, चाचणी कधी संपणार म्हणून. मास्कचं वर कळवलं असतं तर औषधाबद्दलच प्रश्न निघाले असते. सगळं थांबलं असतं. माणूस मरेल असं वाटलं नव्हतं, साहेब.”

“आणि जुनी पत्रं तशीच का ठेवलीत?”

“प्रोग्रॅम बंद झाला म्हणजे पत्रंही संपली, असं वाटलं.”

पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही, ती बाजूला राहू दे. पण कागद उभे होते. कंपनीच्या मॅनेजरविरुद्ध निष्काळजीपणा आणि खोटा पुरावा तयार केल्याचं दोषारोपपत्र गेलं, आणि कलम १६९ प्रमाणे अहवाल पाठवून मुलाचं नाव आरोपींतून काढलं. त्याला व सुभेदारांना बोलावून मी स्वतः तसं सांगितलं, आणि ओरडलो होतो त्याबद्दल त्याची माफी मागितली. मुलगा खाली मान घालून रडत राहिला. सुभेदार म्हणाले, “पोरगं खोटं न्हाई, एवढं मला ठावं व्हतं. पण बापाला ठावं असलेलं कोर्टात धरत न्हाईत.” जाताना त्यांनी मला नाही, हवालदारांना कडक सॅल्यूट ठोकला. ते योग्यच झालं.

खटल्यात बचावाच्या वकिलांनी फार वाद घातला. संगणकाच्या पुराव्यासाठी आपल्याकडे तेव्हा वेगळा कायदा नव्हता. बाई दोनदा कराडहून साक्षीला आल्या आणि पिंजऱ्यात उभं राहून, तारीख का मागे नेली आणि मूळ डिस्कला हात का लावला नाही, हे त्यांनी न्यायाधीशांना शांतपणे समजावलं. मॅनेजरांना शिक्षा झाली. साक्षीदाराचा भत्ता घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “यष्टीचं भाडं तेवढं द्या, बाकीचं माझं शिक्षण आहे.”

या प्रकरणाने मला काय शिकवलं? निवडून पुढे केलेल्या पुराव्यापेक्षा न निवडलेला ढीग बरा. हाताखालच्या माणसाची सवय कधी कधी साहेबाच्या अकलेपेक्षा उपयोगी पडते. आणि जो माणूस तयार उत्तर घेऊन येतो, त्याच्या हातचा चहा प्यावा, पण भिंतीकडे नजर ठेवावी. पण हे सगळं नंतरचं. दोषारोपपत्र गेल्यावर एका दुपारी मजुराची बायको ठाण्यात आली, तेव्हा जे कळलं ते वेगळं होतं.

“साहेब, त्या पोराच्या कागदात आमच्या धन्याचं काय लिवलंय म्हणं?”

तिला वाचता येत नव्हतं. मी तिला खुर्ची दिली आणि तिसरा रिपोर्ट काढून वाचला. इंग्रजी अक्षरांतली ती मराठी मला अडखळत वाचावी लागली. मजुराचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ‘यांचे डोळे चुरचुरतात, काल दोनदा उलटी झाली. बाकीच्यांचे मास्क उशिरा आले तरी चालतील, यांचा आधी पाठवावा.’

“परत वाचा,” ती म्हणाली.

परत वाचलं.

“समदं नाव लिवलंय? बापाच्या नावासकट?”

“सगळं.”

“मला वाटलं व्हतं,” ती म्हणाली, “आमच्यासारक्याचं नाव कागदावर मेल्यावरच चढतंय.”

तोवरच्या नोकरीत मी हजारो नावं कागदावर लिहिली होती. बहुतेक मेलेल्यांची, नाही तर आरोपींची. जिवंत माणसाला काय पाहिजे आहे हे कुणाला तरी कळावं, म्हणून त्याचं नाव लिहिणारा त्या सगळ्या प्रकरणात एकच जण होता, आणि त्यालाच मी आरोपीच्या रकान्यात बसवलं होतं. तिने पदर सावरून हात जोडले. “लय उपकार झालं साहेब,” म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलो. गणवेशातल्या माणसाने ठाण्यात असं करायचं नसतं, पण मीही तिला हात जोडले. न्यायालयातून त्या पानाची नक्कल मिळावी म्हणून अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. अर्जदाराच्या जागी तिचं नाव घातलं, सगळं, बापाच्या नावासकट.